घळीची धुरी

६ जानेवारी २०२५, सोमवार

आलो एकदाचे! टेम्पोतून उतरवताना कपाटाचा पाय मोडला, पिठाचा डबा आडवा झाला आणि आरोहीने टाळ्या वाजवत, टेम्पोत बर्फ पडला, असं जाहीर केलं. एवढं सोडलं तर सामान धड पोचलं. घोटावड्याच्या पुढे, डोंगराच्या कुशीत ही तांबडवाडी. मूठभर घरं, एक शाळा, एक मारुतीचं देऊळ आणि जवळजवळ प्रत्येक बांधावर ‘प्लॉट विकणे आहे’ची पाटी.

आमच्या दोन खोल्या साळूबाईंच्या. साठी उलटलेल्या, ताठ, तोंडाने फटकळ. मुलगा हिंजवडीला कंपनीची बस चालवतो. इथे त्या आणि त्यांची म्हैस. मी हवा मोजायच्या नोकरीत आहे म्हटल्यावर त्यांनी अगदी गंभीरपणे विचारलं, किलोवर का लिटरवर. मग आरोहीकडे बघून म्हणाल्या, “पोरगी लई वाळल्याली हाय. हितलं दूध पिऊंद्या, मग बघा.”

ही नेमणूक मी मागून घेतलीय. प्राधिकरणाच्या हवा कक्षात गावाकडचं केंद्र म्हटलं की सगळे अभियंते टेबलाखाली बघतात. मी हात वर केला तेव्हा शेखर सरांनी, नक्की ना, असं दोनदा विचारलं. कारण आरोही. आठ वर्षांची पोर आणि दमा पाचवीला पुजलेला. थेरगावच्या घरासमोर टॉवर उठताहेत. खिडकी उघडली की सिमेंट, बंद केली की कोंदट. तिचा बाबा निरंजन नोकरीपायी दोह्याला, तो बिचारा फोनवरून तिची धाप ऐकतो. मला या मुलीला एकदा पोटभर श्वास घेताना बघायचंय. बाकी देवाकडे माझं काही मागणं नाही.

संध्याकाळी अंगणात बसून चहा प्यायलो. पुढे खाचरं, मागे डोंगर. नव्या जागेत नवी डायरी, ही माझी जुनी खोड. पहिलं पान तरी आनंदाचं झालं.

९ जानेवारी, गुरुवार

कामाला लागले. माझं यंत्र शाळेच्या गच्चीवर आहे. ते दिवसभर हवा ओढतं, गाळणीच्या कागदातून जाऊ देतं, आणि कागदावर धूळ बसते. कागदाचं आधी वजन, नंतर वजन. मधला फरक म्हणजे गावाच्या छातीत जाणारी धूळ. शेजारी दुसरं यंत्र तोच आकडा तासातासाला पडद्यावर दाखवतं. सगळी विद्या एवढीच, पण आमच्या खात्यात ती सांगताना इंग्रजी फार लागतं.

या गावात आकडा तीसच्या आसपास यायला हवा. सकाळी येतो दीडशेच्या वर! थेरगावला लाजवील असा. हिवाळ्यात थंड हवा डोंगराखाली बसून राहते आणि वर उबदार हवेचं झाकण पडतं, भाताच्या पातेल्यावर ठेवावं तसं. पण झाकण असलं तरी खाली काहीतरी जळायला हवंच ना. शेखर सरांना फोन केला तर ते हवालदिल. हे गाव त्यांनी ‘शुद्ध हवा गाव’ योजनेत पहिलं घातलंय. म्हणाले की आकडा सुधारायला हवा, गौतमी. त्यासाठी हवाच सुधारली तर उत्तम.

आरोही शाळेत रमलीय. पण सकाळी खोकते. इथेही.

१२ जानेवारी, रविवार

धूर सापडला. शाळेच्या मागून पायवाट डोंगरात जाते, तिथे दोन कड्यांच्या मध्ये एक अरुंद घळ आहे. तिच्या तोंडाशी पत्र्याचं छप्पर, छपराखाली राखेचा ढीग, आणि ढिगात भाताचं तूस, ओला पाला, गोवऱ्या धुमसताहेत. ज्वाळा नाही, नुसता दाट पांढरा धूर. ढिगाच्या राखणीला वरच्या वस्तीवरचा बहिरू बसला होता. गावातलं एकेक घर पाळीपाळीने तूस पोचवतं आणि वस्तीवरचे लोक ढीग विझू देत नाहीत. पावसाळ्यातसुद्धा. याला घळीची धुरी म्हणतात.

मी विचारलं, देव कुठला? ना शेंदूर, ना घंटा. बहिरू हसला. “द्येव न्हाई बाई. द्येव आसता तर नारळ मागितला आसता.” मग कोण, तर म्हणाला, कोण ते कुणी बघितलंय, ते धूर पितं एवढं खरं.

एक गोष्ट मात्र मजेची. धूर वर न जाता आडवा घळीत शिरतो, कुणी ओढून घ्यावा तसा. थंड हवेचे प्रवाह डोंगरात असले खेळ करतात. आत न मावलेला धूर मागे फिरून गावावर बसतो. माझे दीडशे तिथून येतात. आरोहीने तोंडाला ओढणी बांधली होती तरी घरी येईपर्यंत तिला धाप लागली.

१५ जानेवारी, बुधवार

पहाटे आरोहीला मोठा झटका आला. ओठ निळसर, बरगड्या आत ओढल्या जात होत्या. वाफ देऊन, पंप देऊन उजाडेपर्यंत जरा सावरली. खिडकीच्या फटीतून तुसाच्या धुराचा वास येत होता. मी इतकी चिडले की साळूबाईंवरच तोंड टाकलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि पोरीच्या पाठीला तेल चोळत सांगितलं की धुरीला काही करू नका. “घळीला धूर लागतुया. धूर पिऊन ती गप ऱ्हाती. न्हाई दिला तर आपल्याकडं बगल.” त्यांच्या आईच्या काळापासून ती विझलेली कुणी पाहिलेली नाही. विझल्यावर काय होतं, तेही म्हणूनच कुणाला माहीत नाही.

असल्या गोष्टींना मी एरवी हसते. आज हसू आलं नाही, संताप आला. घळ गप राहावी म्हणून माझ्या लेकीने घुसमटायचं? माझ्यातली आई आणि माझ्यातली अभियंता यांचं क्वचित पटतं, आज दोघींचं लगेच एकमत झालं. उघड्यावर जाळायला मनाई आहेच. प्रस्ताव लिहायला घेतला.

२१ जानेवारी, मंगळवार

ग्रामसभा झाली. मला वाटलं होतं, दगड पडतील. उलट सरपंच विठ्ठलरावांनी माझ्या आधीच भाषण ठोकलं. शुद्ध हवा गाव ठरलं की गुंठ्याचा भाव कुठल्या कुठे जाईल, भुकूमला काय झालं ते बघा, असा सगळा हिशेब त्यांच्या जिभेवर होता. तरण्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. म्हाताऱ्या माणसांनी नाही. साळूबाई उठून निघून गेल्या.

बहिरू मागे उभा होता. त्याला कुणी विचारलं नाही. मीही नाही.

२४ जानेवारी, शुक्रवार

धुरी विझवली. टँकर आणला, विठ्ठलरावांनी पाइप हातात धरून फोटो काढून घेतला. ढीग फार खोल होता. पाणी पीत राहिला, फुसफुसत राहिला. शेवटची वाफ घळीत शिरली आणि मग एकदम शांत झालं. मी नकळत श्वास रोखून उभी होते. मग स्वतःलाच हसले.

२८ जानेवारी, मंगळवार

सकाळचा आकडा अठ्ठावीस! आणि आरोही धुरी विझल्यापासून एकदाही खोकली नाही. काल शाळेच्या मैदानाला धावत फेरी मारली, आज झाडावर चढली. पंप मी कपाटावर ठेवून दिला. निरंजनला व्हिडिओवर तिने धावून दाखवलं तर तो तिकडे रडला. मीही रडले, त्यात लाज कसली. इतकी वर्षं दवाखाने पालथे घातले आणि उपाय निघाला एक टँकर पाणी.

साळूबाई माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलतात. दूध मात्र रोज आणून ठेवतात. येईल राग खाली.

२ फेब्रुवारी, रविवार

आकडा चार. शेखर सरांनी ऑफिसात पेढे वाटले म्हणे. मी पेढा खाल्ला असता, पण चार हा आकडा भर समुद्रात येतो, पिरंगुटच्या कारखान्यांपासून एवढ्या जवळ नाही. यंत्रात बिघाड असणार. उद्या उघडून बघते.

आणखी एक. आज साळूबाईंनी मिरचीची फोडणी दिली आणि कुणाला ठसका लागला नाही. वासही आला नाही. मला वाटलं सर्दी झालीय. आरोहीला विचारलं, तिलाही नाही. साळूबाई गोठ्यातून आल्या, म्हणाल्या की शेणाचासुद्धा वास येत नाही. घळीच्या बाजूच्या झाडांवर कावळे दिसत नाहीत. हे मी सहज लिहून ठेवतेय.

६ फेब्रुवारी, गुरुवार

शून्य.

यंत्र तपासायची आमची एक रीत आहे. त्याच्या तोंडावर हवा पूर्ण गाळणारी टोपी बसवायची. मग आकडा शून्य यायला हवा. टोपी काढली की गावाचा आकडा यायला हवा. टोपी बसवली, शून्य. काढली, शून्य. कासारसाईच्या केंद्रावरचं यंत्र गाडीत घालून आणलं. तिथे ते नव्वद दाखवत होतं. घोटावड्यापाशी साठ. शाळेच्या गच्चीवर शून्य. कागदही पाहिला, दिवसभर हवा ओढूनही कोरा पांढरा. वजन जसंच्या तसं.

अशी हवा नसते. माणसं चालतात, गुरं चालतात, पानं झडतात. जिथे काही जगतं तिथे धूळ असतेच.

शेखर सरांना सांगितलं तर ते वैतागले. शून्य टाकला तर वरचे लोक यंत्र खराब म्हणतील, योजना लटकेल. म्हणाले की आठ लिही. मी आठ लिहिलं. 

९ फेब्रुवारी, रविवार

वरची वस्ती रिकामी झाली. भांडीकुंडी, कोंबड्या, म्हातारी माणसं, सगळं घेऊन लोक मावळतीकडे निघून गेले. बहिरू जाताना दारात आला. पाणीसुद्धा घेतलं नाही. आरोही अंगणात दोरीवर उड्या मारत होती, तिच्याकडे बराच वेळ बघत राहिला. म्हणाला, “पोरीला घिऊन जावा बाई. अजून जाता ईल.” मी म्हटलं, अरे, ती जन्मात इतकी बरी नव्हती. 

तो गेल्यावर माझ्या लक्षात आलं. आरोही पाऊण तास उड्या मारत होती आणि तिला दम लागला नव्हता.

१२ फेब्रुवारी, बुधवार

हे नीट लिहायला हवं. सकाळी लवकर गच्चीवर गेले होते. कडाक्याची थंडी. खाली मैदानावर प्रार्थना चालू होती, पोरं ओळीने उभी, तोंडं उघडून गात होती. माझ्या तोंडातून वाफ निघत होती. खाली एकाही पोराच्या तोंडातून नाही.

गुरुजींच्याही नाही.

धावत घरी आले. साळूबाई म्हशीला वैरण टाकत होत्या. म्हशीच्या नाकपुड्यांशी वाफ नाही. साळूबाई माझ्याशी बोलल्या, काय झालं, अशा का धापा टाकताय म्हणून विचारलं. त्यांच्या ओठांपुढे काही नाही. नुसती थंड, स्वच्छ हवा.

दुपारी आरोही शाळेतून आली. तिच्या नाकाखाली कापसाचा पिंजलेला धागा धरला. हलला नाही. आरसा धरला. धुरकटला नाही. छातीवर हात ठेवला, ठोका लागतो, छाती वरखाली होत नाही. बोटाला ऑक्सिजनचं यंत्र लावलं. नव्व्याण्णव. तिला गुदगुल्या होत होत्या, हसत होती.

मी यंत्र किती वेळा तपासलं. माझ्या लेकीला एकदाही तपासलं नाही.

विचारलं, बाळा, तू श्वास घेत नाहीस का? तिने विचार केला. म्हणाली की आधी घ्यायचे. आता घळ घेते ना, आमच्या वाटचा. मग विचारलं की आई, तू अजून का घेतेस?

१३ फेब्रुवारी

मी अजून घेते कारण मी आठवड्यातून दोन-तीनदा ऑफिसला पुण्यात जाते. दुसरं कारण सुचत नाही. बाहेर गेलं की सुटतं. म्हणजे तिलाही बाहेर नेलं की सुटेल. उद्याच निघायचं. सामान राहू दे. निरंजनला फक्त एवढं सांगितलं की परत येतोय. त्याला कळेना, इतकी बरी आहे तर का? 

१४ फेब्रुवारी

निघालो सकाळी. घोटावड्यापर्यंत ती खिडकीतून बाहेर बघत होती. पिरंगुटच्या चौकात जांभया द्यायला लागली. भुकूमला पोचेपर्यंत ओठ निळे.

दवाखान्यात उचलून नेलं. डॉक्टर भले होते, लगेच मास्क लावला. पण ती आत घेतच नव्हती. डॉक्टर सांगत होते, बाळा, श्वास घे, मी सांगत होते, आणि ती डोळे फाडून माझ्याकडे बघत होती. तिला येतच नव्हतं. पोहायला न येणाऱ्याला पाण्यात टाकून पोह म्हणावं, तसं झालं. डॉक्टरांनी फुगा दाबून हवा भरली. बोटाचा आकडा खाली खालीच येत राहिला. साठ. पन्नास. ते ॲम्ब्युलन्स बोलवत होते, पुण्याला नेऊ म्हणत होते. पुण्याला पोचली नसती. माझ्या डोळ्यांसमोर जात होती ती.

मी मास्क काढला, तिला उचललं, गाडीत टाकलं. डॉक्टर मागे ओरडत आले. गाडी परत वळवली. मी, माझ्या हाताने.

तांबडवाडीच्या वळणावर तिने डोळे उघडले. वडापाव मागितला.

१५ फेब्रुवारी

धुरी परत पेटवायची. एवढा एकच मार्ग. घळीला धूर मिळाला की ती यांना सोडेल. सोडेल ना?

विठ्ठलरावांकडे गेले. ते हसत होते. गुंठ्याच्या भावाची बोलणी झालीत, आता कुठला धूर? त्यांच्या बायकोचा सांधेदुखीचा त्रास गेला. घरोघरी फिरले. कुणाचा दमा गेला, कुणाची धाप, कुणाची घोरण्याची सवय. कुणालाही धुरी नको.

साळूबाईंच्या पायाशी बसले. म्हटलं मावशी, तुम्ही तरी चला. त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. हात फार हलका लागला. “आता कशाला गं पोरी? मीच सांगत व्हते तवा ऐकलं न्हाईस. आता बरं वाटतंय. दमच लागत न्हाई कशाचा.”

एकटीच गेले. तूस, गोवऱ्या, रॉकेल. काडी ओढली की ज्योत आडवी होते, घळीकडे, आणि संपते. सगळी पेटी संपली. पत्र्याच्या आडोशाने, ओढणीच्या आडोशाने. जळायला जी हवा लागते ती तिथे कुणी शिल्लकच ठेवलेली नाही. आणि मला धाप लागली. आरोहीला लागायची तशी. तिचा पंप कपाटावरून काढून मी ओढला.

१८ फेब्रुवारी

शेखर सर येऊन गेले. फोटोवाला, हारतुरे, ‘शुद्ध हवा गाव’ची पाटी. शाळेच्या पटांगणात उभं राहून त्यांनी डोळे मिटले, दीर्घ श्वास घेतला, म्हणाले की काय हवा आहे! मी त्यांना बाजूला घेतलं. सगळं सांगितलं. पोरांच्या नाकाशी हात धरून बघा म्हटलं. त्यांनी माझ्या खांद्यावर थोपटलं आणि रजा घे म्हणाले.

मग आनंदाची बातमी म्हणून सांगितलं. माझा प्रस्ताव नमुना म्हणून घेतलाय. घोटावडे, कासारसाई, पुढे मुठेच्या खोऱ्यातली गावं. डोंगराला लागून जिथे जिथे अशी धुरी आहे, सगळ्या विझवायच्या. बऱ्याच आहेत म्हणे. यादीवर माझी सही आधीच छापलेली आहे.

जाताना त्यांनी गाडीत बसून जांभई दिली.

२० फेब्रुवारी

शाळेत पोरांची वजनं घेतली. सगळी उतरलीत. आरोही चोवीस किलोची होती. एकोणीस.

उचलून बघितली. कपड्यांचंच ओझं जास्त.

घळ नुसता श्वास घेऊन थांबलेली नाही—

२१ फेब्रुवारी

लोक धुरीच्या जागी जाऊन बसतात. दुपारी, कामं टाकून. राखेवर, घळीकडे तोंड करून. कुणी बोलावत नाही, कुणी अडवत नाही. काल साळूबाई गेल्या. संध्याकाळी इतर परत आले. त्या नाही.

बघायला गेले. राखेत त्यांचं लुगडं. नेसल्या निऱ्यासुद्धा न मोडलेलं. आत काही—

म्हैस हंबरतही नाही.

२३ फेब्रुवारी

निरंजनचा फोन. तो निघतोय, तिकीट काढलं. नको म्हटलं. ओरडून नको म्हटलं. आवाज पुरेना. तो इथे आला तर—

मी बाहेर जाऊ शकते. अजून. गाडी दारात आहे. भुकूमपर्यंत वीस-पंचवीस मिनिटं, पुढे माणसं, दवाखाना, श्वास. एकटी.

किल्ली हातात घेऊन बसले होते. आरोही समोर चित्र काढत होती. ती बोलते तेव्हा ओठ हलतात आणि मला कळतं. आवाज येतो का, आता सांगता येत नाही.

किल्ली खाचरात फेकून दिली. मोह नको.

२५ फेब्रुवारी

पंप संपला.

श्वास मोजून घेते. जिना चढवत नाही. शाळेच्या गच्चीवर यंत्र अजून शून्य दाखवत असेल. बंद करायला वर जावं लागेल. राहू दे.

आरोही तेरा. चौदा. काटा नीट थांबत नाही.

तिला घळीपाशी जायचंय. मी दाराला कडी घातली. ती रडली नाही. दारापाशी उभी राहिली, दिवसभर, घळीकडे तोंड करून.

मला तिला एकदा पोटभर श्वास घेताना बघायचं होतं. देवा, एवढंच मागितलं होतं रे.

२६ फेब्रुवारी

तिच्या हातातून आरपार दार दिसतं.

अडवून काय करू? अडवलं तरी जातेय. गेली तर मांडीवर तरी—

कडी काढली.

२७ फेब्रुवारी

इथे बसलोय. राख गार आहे. ऊन छान पडलंय. गाव सगळं इथेच, थोडेच उरलेत. विठ्ठलरावांचा सदरा शेजारी.

ती माझ्या मांडीवर. वजन नाही. म्हणून एका हाताने धरून दुसऱ्याने लिहितेय. धरून ठेवलं नाही तर—

घळीत काही नाही. काळोख पण नाही. नुसतं ओढणं.

छाती फुटेल. मी अजून ओढतेय. मिळत नाही. तरी ओढतेय. सवय.

ती वळून बघतेय. हसतेय. तिच्यातून पलीकडचा कडा दिसतोय. माझ्या तोंडावर हात ठेवला तिने. लागला नाही पण कळलं. म्हणतेय की आई, हा एक श्वास सोडून दे. एवढा एक. मग बघ, काही

म्हणतेय, मी धरते तुला, तू फक्त